अफूजन्य व्यसनासक्ती

अफू, अफूतील मॉर्फीन व कोडीन ही द्रव्ये, मॉर्फिनापासून रासायनिक रीतीने तयार होणारे हेरॉइन आणि यांच्याप्रमाणेच क्रिया करणारी संश्लेषित (कृत्रिम रीतीने बनविलेली) औषधे यांच्या वारंवार सेवनामुळे माणसास जडणाऱ्या शारीरिक व मानसिक परावलंबनास अफूजन्य व्यसनासक्ती म्हणतात. तिची प्रमुख लक्षणे तीन : (१) पूर्वीइतकाच परिणाम मिळविण्यासाठी मात्रा वाढवीत न्यावी लागणे, (२) सेवन थांबताच शरीराला विशिष्ट प्रकारच्या यातना होणे आणि (३) नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही सेवनावर ताबा न राहणे. असह्य वेदनांच्या शमनासाठी वैद्याच्या देखरेखीखाली मॉर्फीन घेणाऱ्या रुग्णातही पहिली दोन लक्षणे उत्पन्न होऊ शकतात. परंतु केवळ त्यांवरून त्यास व्यसनी म्हणता येत नाही. तिसरे लक्षण हा व्यसनासक्तीचा गाभा होय.

अफू व तीपासून मिळणारे पदार्थ : अहिफेन कुलातील पापाव्हर सोम्निफेरम या वनस्पतीच्या कच्च्या बोंडांना चिरा पाडल्या असता पांढरा चीक पाझरतो. तो वाळून तपकिरी होतो व खरवडून गोळा करतात. हीच अफू होय. त्याच बोंडांतील पक्व बिया म्हणजे स्वयंपाकात वापरली जाणारी खसखस. अफूमध्ये अनेक अल्कलॉइडे असून त्यांपैकी मॉर्फिनाचे प्रमाण सामान्यतः १० टक्क्यांच्या आसपास असते. जर्मन औषधनिर्माता फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मॉर्फीन अलग केले व मॉर्फिअस या ग्रीक स्वप्नदेवतेवरून त्यास नाव दिले. कोडीन १८३२ मध्ये अलग करण्यात आले. मॉर्फिनावर रासायनिक प्रक्रिया करून हेरॉइन प्रथम १८७४ मध्ये लंडन येथे तयार करण्यात आले. १८९८ पासून ते एका जर्मन कंपनीने खोकल्यावरील गुणकारी औषध म्हणून बाजारात आणले. त्याची सवय लागत नाही, असा त्या काळी समज होता. तो किती घातक होता, हे पुढील दोन दशकांतच दिसून आले.

हेरॉइन मेंदूमध्ये मॉर्फिनापेक्षा लवकर शिरते व तेथे त्याचे पुन्हा मॉर्फिनात रूपांतर होते. त्यामुळे त्याची क्रिया झटपट व तीव्र होते आणि व्यसन जडण्याचा संभवही त्या मानाने अधिक असतो. अशुद्ध, तपकिरी रंगाच्या हेरॉइनला भारतात ‘ब्राउन शुगर’ म्हणतात. मराठीत त्यास ‘गर्द’ (मूळ अर्थ धूळ, भुकटी) हे नाव रूढ झाले आणि त्याच्या व्यसनी माणसास ‘गर्दुल्ला’ म्हटले जाऊ लागले. गर्द बहुधा धातूच्या पातळ वर्खावर तापवून त्याचा धूर ओढतात. काही व्यसनी ते शिरेवाटे टोचून घेतात. चोरट्या बाजारात मिळणाऱ्या पुडीत हेरॉइन किती व भेसळ किती हे घेणाऱ्यास कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

इतिहास : अफूचा औषध म्हणून उपयोग फार प्राचीन आहे. भारतात वेदना, अतिसार व खोकला यांवर ती शतकानुशतके दिली जात असे. राजस्थान व गुजरात या भागांतील काही समाजांत पाण्यात विरघळविलेल्या अफूचा ‘कसुंबा’ पाहुण्यास देणे हा आतिथ्याचा भाग मानला जाई. लहान मुलांना अफू चारण्याची प्रथाही होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया, पाळीच्या वेळात मूल निजून राहावे म्हणून त्यास अफूयुक्त ‘बाळागोळी’ देत. मुलास सांभाळण्याची अन्य सोय नसलेल्या आईचा तो नाइलाज होता. परंतु तिच्यामुळे मुलांची भूक मंदावे, वाढ खुंटे व प्रसंगी मृत्यूही ओढवे.

ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ मध्ये बंगालमधील अफूच्या व्यापाराची मक्तेदारी आपल्याकडे घेतली. चीनमध्ये अफूवर बंदी असताना भारतातील अफू तेथे चोरट्या मार्गाने पाठविली जाऊ लागली. बंगाल व बिहारमधील अफूबरोबरच शिंदे व होळकर यांच्या माळव्यातील मुलुखात पिकणारी अफूही पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून चीनला जाई. एकोणिसाव्या शतकात मुंबई हे या व्यापाराचे मोठे केंद्र बनले व शहरातील अनेक पेढ्यांच्या भरभराटीस त्याचा हातभार लागला. १८३९ मध्ये लिन झश्यू या चिनी अधिकाऱ्याने २०,००० हून अधिक पेट्या अफू नष्ट केली. त्यातून पहिले अफूचे युद्ध (१८३९–४२) उद्‌भवले. १८५६ ते १८६० या काळात दुसरे युद्ध झाले. दोन्ही युद्धांत चीनचा पराभव झाला आणि व्यसनाचा प्रसार अधिकच वाढला. व्यापाराच्या लाभासाठी एखाद्या राष्ट्रावर व्यसन लादले गेल्याचे हे इतिहासातील ठळक उदाहरण होय. पुढे शांघाय येथील आयोग (१९०९) व हेग येथील करार (१९१२) यांपासून अफूच्या आंतरराष्ट्रीय नियंत्रणास प्रारंभ झाला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात ही बंधने एकत्रित करण्यात आली.

भारतातील प्रसार : भारतात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांच्या ठराविक भागांत शासकीय परवान्याने अफूची लागवड होते व गाझीपूर आणि नीमच येथील शासकीय कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया केली जाते. ही अफू औषधांसाठी वापरली जाते. गर्दचा प्रसार मात्र मुख्यतः बेकायदा मार्गांनी झाला. भारताच्या पश्चिमेस अफगाणिस्तान, पाकिस्तान व इराण यांचा ‘सुवर्ण चंद्रकोर’ म्हणून ओळखला जाणारा प्रदेश आणि पूर्वेस म्यानमार, लाओस व थायलंड यांचा ‘सुवर्ण त्रिकोण’ ही बेकायदा अफूची दोन मोठी क्षेत्रे आहेत. १९८० नंतरच्या दशकात मुंबई, दिल्ली यांसारख्या शहरांत गर्द झपाट्याने पसरली. झोपडपट्टीतील मजूर, महाविद्यालयीन विद्यार्थी व सुखवस्तू घरांतील तरुण असे सर्व थरांतील लोक तिच्या आहारी गेले. अनिल अवचट यांच्या गर्द (१९८६) या पुस्तकामुळे या प्रश्नाकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले गेले. त्याच सुमारास मणिपूरमध्ये म्यानमारकडून येणारे हेरॉइन शिरेवाटे टोचून घेण्याचा प्रकार वाढला आणि १९८९–९० मध्ये तेथील व्यसनींत एचआयव्हीचा संसर्ग वेगाने फैलावल्याचे आढळले.

केंद्र शासनाच्या वतीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सु. २ टक्के लोक, म्हणजे सु. २ कोटी २६ लक्ष व्यक्ती, अफूजन्य पदार्थांचे सेवन करीत होत्या. त्यांपैकी सु. ७७ लक्ष व्यक्तींचे सेवन घातक अथवा परावलंबी स्वरूपाचे होते. हेरॉइन घेणाऱ्यांचे प्रमाण पारंपरिक अफू घेणाऱ्यांच्या दुप्पट होते. वेदनाशामक गोळ्या व कोडीनयुक्त खोकल्याची औषधे यांच्या गैरवापराचे प्रमाणही सु. १ टक्का होते. घरगुती अफूच्या जागी अधिक तीव्र पदार्थ आले, हा या आकड्यांचा अर्थ चिंताजनक आहे.

व्यसन जडण्याची प्रक्रिया : मेंदू व मेरुरज्जू यांतील काही कोशिकांवर विशिष्ट ग्राही (रेणू पकडून ठेवणाऱ्या जागा) असतात, असे १९७३ मध्ये सिद्ध झाले. शरीर स्वतःच वेदना व ताण सौम्य करणारी द्रव्ये निर्माण करते व ती या ग्राहींवर बसतात, हे त्यानंतर लवकरच (१९७५) उघडकीस आले. मॉर्फीन व हेरॉइन याच ग्राहींवर, परंतु कितीतरी अधिक जोराने क्रिया करतात. परिणामी वेदना व भीती नाहीशी होऊन उबदार सुखाची भावना निर्माण होते. त्याचबरोबर मेंदूतील समाधान व प्रेरणा यांच्याशी संबंधित मंडलेही उत्तेजित होतात. ज्या जागी, ज्या सोबत्यांबरोबर व ज्या वेळी सेवन केले, त्यांची सांगड या सुखाशी पक्की बसते.

बाहेरून सतत मिळणाऱ्या द्रव्याशी तंत्रिका तंत्र (मज्जासंस्था) जुळवून घेते. ग्राहींची संवेदनक्षमता घटते आणि द्रव्याच्या शामक क्रियेस तोंड देणारी विरोधी यंत्रणा बळावते. यास सह्यता म्हणतात. सह्यता वाढल्यामुळे जुनी मात्रा अपुरी पडते. नवशिक्याचा प्राण घेईल एवढी मात्रा मुरलेला व्यसनी सहज पचवितो. काही काळाने सुख जवळजवळ नाहीसे होते आणि केवळ यातना टाळण्यासाठी सेवन चालू राहते.

सेवन थांबले की बळावलेली विरोधी यंत्रणा मोकाट सुटते. हेरॉइनच्या बाबतीत शेवटच्या सेवनानंतर सु. ६ ते १२ तासांत जांभया, डोळे व नाक यांतून पाणी, घाम, अंगावर काटा, बाहुल्यांचे विस्फारण, हाडे ठणकणे, पोटात पेटके, उलट्या, जुलाब व निद्रानाश ही लक्षणे सुरू होतात. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी ती पराकोटीस पोहोचतात व सु. आठवड्यात ओसरतात. व्यसनींच्या बोलीत यास ‘टर्की’ म्हणतात. अन्यथा निरोगी प्रौढात ही अवस्था क्वचितच प्राणघातक ठरते. परंतु एका पुडीने ती तात्काळ थांबते, हे ठाऊक असल्यामुळे व्यसनी पुन्हा सेवनाकडे ओढला जातो.

कारणे : पदार्थाची तीव्रता, व्यक्तीची घडण व परिस्थिती या तिन्ही गोष्टी व्यसनास कारणीभूत होतात. कुतूहल, मित्रांचा आग्रह, मानसिक विकार, बालपणातील आघात, बेकारी आणि पदार्थाची सुलभता ही नेहमी आढळणारी कारणे होत. परिस्थितीचा वाटा किती मोठा असू शकतो, हे व्हिएटनाम युद्धातील अमेरिकन सैनिकांच्या पाहणीवरून दिसून आले. ली रॉबिन्स यांच्या संशोधनानुसार १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांपैकी सु. एकपंचमांश तेथे असताना व्यसनाधीन झाले होते; परंतु मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी सु. ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. युद्धभूमी, स्वस्त हेरॉइन व तेथील सोबत सुटल्याने बहुसंख्य सैनिकांचे व्यसनही सुटले. याउलट, उपचारानंतर त्याच वस्तीत व त्याच सोबत्यांत परतणाऱ्या रुग्णाची स्थिती कठीण असते.

दुष्परिणाम : दीर्घकालीन सेवनाने भूक मंदावणे, वजन घटणे, तीव्र बद्धकोष्ठ, कामेच्छा कमी होणे व स्त्रियांत मासिक पाळी अनियमित होणे हे परिणाम आढळतात. धूर ओढणाऱ्यांची फुप्फुसे दुर्बल होतात. टोचून घेणाऱ्यांत गळवे, शिरांचा दाह व हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग उद्‌भवतो. सुई सामाईक वापरल्यास यकृतशोथाचे ब व क प्रकार आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होतो. गर्भवतीच्या व्यसनामुळे नवजात अर्भकातही सेवन थांबल्याची लक्षणे दिसतात व त्यावर रुग्णालयात उपचार करावे लागतात.

सामाजिक हानी शारीरिक हानीइतकीच मोठी असते. दिवसातून अनेक वेळा लागणाऱ्या पुडीचा खर्च मिळकतीत भागत नाही. प्रथम घरातील भांडी व दागिने, नंतर नातेवाइकांचे व मालकाचे पैसे जातात. नोकरी व शिक्षण सुटते. बदनामीच्या भीतीने कुटुंब गोष्ट लपविते आणि त्यामुळे उपचारास विलंब होतो. पत्नी व आई यांच्यावर पडणारा बोजा पाहणीच्या आकड्यांत उमटत नाही.

अतिमात्रा व मृत्यू : या व्यसनातील मृत्यूचे प्रमुख कारण श्वसनरोध होय. लंबमज्जेतील श्वसन केंद्र मंदावून श्वास हळूहळू उथळ होतो व शेवटी थांबतो. बेशुद्धी, टाचणीच्या टोकाएवढ्या आकुंचित बाहुल्या आणि मंद श्वसन ही अतिमात्रेची तीन लक्षणे होत. दारू अथवा झोपेच्या गोळ्या बरोबर घेतल्यास धोका अनेक पटींनी वाढतो.

येथे सह्यतेची दुसरी बाजू लक्षात घ्यावी लागते. सेवन बंद झाल्यावर काही आठवड्यांतच सह्यता ओसरते. परंतु ओढ तेवढ्या लवकर ओसरत नाही. तुरुंगातून सुटलेला किंवा उपचार केंद्रातून घरी आलेला माणूस मोहाच्या क्षणी आपली जुनी मात्रा घेतो आणि जी मात्रा त्याला महिन्यापूर्वी सोसत होती तीच त्याचा प्राण घेते. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वाधिक धोक्याचे असतात. ‘आता तो बरा झाला’ असे समजून कुटुंब निर्धास्त होते ते नेमके याच काळात. ही माहिती रुग्ण व नातेवाईक या दोघांनाही केंद्र सोडण्यापूर्वी स्पष्टपणे दिली गेली पाहिजे.

अतिमात्रेचा संशय येताच रुग्णास तातडीने रुग्णालयात हलवावे. तोपर्यंत त्यास कुशीवर झोपवावे, श्वास थांबल्यास कृत्रिम श्वसन द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, मीठ वा अन्य काही घालू नये. नॅलोक्सोन हे औषध ग्राहींवरून हेरॉइनला दूर सारून काही मिनिटांत श्वास पूर्ववत आणते. तथापि त्याचा प्रभाव तासाभराच्या आसपास ओसरत असल्यामुळे शुद्धीवर आलेल्या रुग्णावरही काही काळ देखरेख ठेवावी लागते. १९५९–६० च्या सुमारास शोधण्यात आलेले फेंटानिल हे भुलीचे औषध हेरॉइनपेक्षा सु. ५० पट तीव्र आहे. बेकायदा फेंटानिलमुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मृत्यूंचे प्रमाण भयावह वाढले. २०२१ मध्ये तेथे सर्व प्रकारच्या मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने १ लाखाहून अधिक लोक मृत्यू पावले व त्यांपैकी बहुतेकांच्या मृत्यूस अशी संश्लेषित द्रव्ये कारणीभूत होती.

उपचार : पहिला टप्पा शरीर विषमुक्त करण्याचा असतो. वैद्यकीय देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फीन किंवा क्लोनिडीन यांसारखी औषधे देऊन यातना सुसह्य केल्या जातात. यास एक ते दोन आठवडे लागतात. परंतु एवढ्यानेच उपचार संपल्यास बहुसंख्य रुग्ण पुन्हा सेवनाकडे वळतात व सह्यता गेलेली असल्यामुळे अधिक मोठ्या धोक्यात सापडतात. म्हणून दुसरा, दीर्घकालीन टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. काही रुग्णांना मेथॅडोन किंवा ब्युप्रेनॉर्फीन नियमित व मोजक्या मात्रेत महिनोन्‌महिने, प्रसंगी काही वर्षे, दिले जाते. ही औषधे सावकाश क्रिया करीत असल्याने ओढ व यातना आटोक्यात राहतात, सुईचा वापर थांबतो व रुग्ण कामधंदा करू शकतो. एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन आणले, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला जातो. परंतु तिच्यामुळे मृत्यू व एचआयव्हीचा प्रसार घटतो, असे अनेक देशांतील अनुभवांवरून सिद्ध झाले आहे. नॅल्ट्रेक्सोन हे ग्राही अडवून धरणारे औषध विषमुक्त झालेल्या व निश्चयी रुग्णांना देतात.

औषधांच्या जोडीला समुपदेशन, कुटुंबाचे मार्गदर्शन, नियमित दिनक्रम व रोजगार यांची आवश्यकता असते. पुणे येथे १९८६ मध्ये अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या साहाय्याने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र स्थापन केले. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालेल्या या केंद्रात बरे झालेल्या रुग्णांना कार्यकर्ते म्हणून सामावून घेण्याची व पत्नी, पालक यांना उपचारात सहभागी करण्याची पद्धत रुजली. ‘नार्कोटिक्स ॲनॉनिमस’ या, १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या स्वमदत गटांच्या बैठका भारतातही भरतात. याउलट, रुग्णांना कोंडून, मारहाण करून वा साखळदंडात ठेवून व्यसन सोडविण्याचा दावा करणाऱ्या केंद्रांपासून सावध राहणे आवश्यक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमानुसार साखळीने बांधणे निषिद्ध आहे. उपचारानंतर पुन्हा सेवन घडले, तर तो विश्वासघात न मानता, मधुमेह वा दमा यांप्रमाणे दीर्घ विकाराचा नवा झटका मानून उपचार त्वरित पुढे चालू करावेत.

कायदा : मादक पेये व आरोग्यास अपायकारक द्रव्ये यांच्या सेवनावर, औषधी उपयोग वगळता, बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात म्हटले आहे. पूर्वीचे अफूविषयक कायदे रद्द करून १९८५ मध्ये गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम करण्यात आला. त्यात २००१ च्या दुरुस्तीने मात्रेनुसार शिक्षेची श्रेणी ठरविण्यात आली. हेरॉइनच्या बाबतीत ५ ग्रॅ.पर्यंतची मात्रा अल्प व २५० ग्रॅ.हून अधिक मात्रा व्यापारी समजली जाते. व्यापारी मात्रेसाठी १० ते २० वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. केवळ सेवन हाही गुन्हा आहे. तथापि स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीस, ठराविक अटींवर, सेवनाच्या व अल्प मात्रेच्या गुन्ह्यांबाबत खटल्यापासून संरक्षण मिळते. ही तरतूद सर्वसामान्यांस फारशी माहीत नसल्याने अटकेच्या भीतीने अनेक जण रुग्णालयाकडे फिरकत नाहीत. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०१८ मध्ये या अधिनियमाच्या कक्षेत आणले गेले.

कडक नियंत्रणाचा एक अनिष्ट परिणामही झाला. १९८५ नंतर परवान्यांच्या गुंतागुंतीमुळे रुग्णालये मॉर्फीन बाळगेनाशी झाली. अफू पिकविणाऱ्या देशातच कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना अखेरच्या दिवसांत वेदनाशमन मिळेनासे झाले. २०१४ च्या दुरुस्तीने ही प्रक्रिया सुलभ करण्यात आली.

प्रतिबंध : पुरवठा रोखणे आवश्यक असले, तरी तेवढेच पुरेसे नाही. अफगाणिस्तानात २०२२ मध्ये अफूबंदी जाहीर झाल्यावर २०२३ मधील लागवड सु. ९५ टक्क्यांनी घटली. परंतु त्याच वर्षी म्यानमार हा जगातील सर्वांत मोठा अफू उत्पादक देश बनला. मागणी कमी करण्यासाठी शाळा व महाविद्यालयांत भीतीऐवजी नेमकी माहिती देणे, वेदनाशामक औषधे वैद्याच्या चिठ्ठीशिवाय न विकणे, तरुणांतील नैराश्यादी विकारांवर वेळीच उपचार करणे व जिल्हा रुग्णालयांत व्यसनमुक्तीची सोय असणे हे उपाय महत्त्वाचे आहेत. झोपेच्या वेळा बदलणे, पैसे नाहीसे होणे, जुने मित्र तुटणे, बाहुल्या आकुंचित दिसणे, स्वच्छतागृहात दीर्घकाळ थांबणे व घरात जळके वर्ख आढळणे या खुणा कुटुंबाने ओळखाव्यात आणि रागावून घराबाहेर काढण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. घराशी संबंध तुटलेल्या व्यसनीस उपचारापर्यंत पोहोचविणारे कोणी उरत नाही. अतिमात्रेच्या प्रसंगी त्याच्याजवळ मदतीला धावणारेही कोणी नसते.